‘व्हॅल्युएबल्स’ या एका शब्दावर पारखलेले इंग्रजी-मराठी शब्दकोशाचे ॲप

शब्दकोशाचे परीक्षण शितावरून भाताची परीक्षा करावी तसेच करावे लागते, कारण तो पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत कोणी वाचत नाही आणि वाचणे अपेक्षितही नसते. परीक्षक बहुधा अवघड शब्द निवडतात. माझा अनुभव असा की अवघड शब्दाच्या नोंदीवर कोशकाराने कष्ट घेतलेलेच असतात; त्याची खरी कसोटी लागते ती सर्वांना कळतो असे वाटणाऱ्या शब्दावर. म्हणून गेले वर्षभर मी अनुवादाच्या कामासाठी वापरत असलेले इंग्रजी-मराठी शब्दकोशाचे ॲप येथे ‘व्हॅल्युएबल्स’ या एकाच शब्दाच्या आधारे पारखले आहे. ॲपचे नाव मी देत नाही. यातले दोष त्या एका ॲपपुरते नाहीत, एका इंग्रजी शब्दापुढे चार मराठी शब्द ठेवून थांबणाऱ्या सगळ्याच कोशांचे ते दोष आहेत, आणि वाचकाने आपल्या हातातल्या कोशालाही हीच कसोटी लावून पाहावी असे मला वाटते.

हा शब्द निवडण्याला एक प्रसंग कारण झाला. रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी असलेले सूचनापत्रक इंग्रजीतून मराठीत करण्याचे काम माझ्याकडे आले होते आणि त्यात ‘व्हॅल्युएबल्स’ सोबत आणू नयेत असे एक वाक्य होते. ॲपमध्ये हा शब्द शोधला तेव्हा त्याने मला कोणतेही स्पष्टीकरण न देता ‘व्हॅल्युएबल’ या एकवचनी विशेषणाकडे नेले आणि तेथे मौलिक, मौल्यवान, किमती आणि उपयुक्त असे चार पर्याय दाखवले. मी त्यातला दुसरा उचलला, ‘मौल्यवान वस्तू आणू नयेत’ असे लिहिले आणि पुढच्या वाक्याकडे वळलो. पत्रक छापण्यापूर्वी ते वाचणाऱ्या परिचारिकेने मला विचारले की चष्मा, कवळी आणि कानाचे यंत्र यांत येतात की नाही, कारण ही तिन्ही महाग असतात पण रुग्णाला ती लागतातच. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी लिहिलेला प्रतिशब्द चुकीचा नव्हता, आजही मी तोच लिहीन. परंतु त्या इंग्रजी शब्दाची व्याप्ती कोठे संपते हे मला ठाऊक नव्हते आणि कोशाने ते सांगितलेले नव्हते.

ॲपच्या बाह्य गुणांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ते इंटरनेटशिवाय चालते, शब्दाच्या लेखनात एखादे अक्षर चुकले तरी योग्य नोंद सापडते, आणि पाहिलेले शब्द साठवून ठेवण्याची सोय नेटकी आहे. उच्चाराची ध्वनिफीत विशेष चांगली आहे: आघात पहिल्या अवयवावर (सिलेबलवर) आहे आणि पुढचे अवयव हलके होत जातात हे ऐकताच कळते. देवनागरीत दिलेला उच्चार मात्र सगळ्या अवयवांना सारखेच वजन देतो, त्यामुळे ध्वनिफीत न ऐकणाऱ्याची दिशाभूल होऊ शकते.

आता मूळ मुद्दा. ‘व्हॅल्युएबल’ हे विशेषण आणि ‘व्हॅल्युएबल्स’ हे नाम यांचा अर्थ एक नाही, आणि ॲपची सर्वांत मोठी चूक ही की त्याने दुसऱ्याला पहिल्याचे नुसते अनेकवचन मानले. विशेषणाला दोन अंगे आहेत. एक पैशाचे अंग, म्हणजे विकायला काढले तर भरपूर किंमत येईल अशी वस्तू. दुसरे उपयोगाचे किंवा महत्त्वाचे अंग, ज्यामुळे सल्ला, वेळ, अनुभव, मैत्री, माहिती या कशालाही विकता येत नसताना ‘व्हॅल्युएबल’ म्हणता येते. नाम झाल्यावर यातले दुसरे अंग गळून पडते. ‘व्हॅल्युएबल्स’मध्ये सल्ला येत नाही, वेळ येत नाही, मैत्री येत नाही, तेथे येतात त्या हाताने उचलता येतील, खिशात किंवा पेटीत मावतील आणि म्हणूनच चोरीला जाऊ शकतील अशा वस्तू, उदाहरणार्थ दागिने, घड्याळ, रोकड, कॅमेरा. घर आणि जमीन ही माणसाच्या मालकीतली बहुधा सर्वांत किमती गोष्ट असते, तरीही तिला रोजच्या इंग्रजीत कोणी ‘व्हॅल्युएबल्स’ म्हणत नाही, कारण ती कोणी उचलून नेऊ शकत नाही. अशा नामाच्या नोंदीखाली ‘उपयुक्त’ हा पर्याय दिसणे म्हणजे शिकणाऱ्याला सरळ चुकीच्या वाटेला लावणे आहे. त्याच नोंदीत यंत्राने जमवलेले दिसणारे एक उदाहरणवाक्यही आहे, ज्यात वेळ आणि आरोग्य हे माणसाचे ‘व्हॅल्युएबल्स’ असल्याचे म्हटले आहे. ते वाक्य मराठीतून इंग्रजीत गेलेले आहे हे उघड दिसते. इंग्रजीत ते खटकते, आणि विद्यार्थी ते निबंधात जसेच्या तसे लिहील याची मला काळजी वाटते.

विशेषणाच्या मराठी पर्यायांतही क्रम बिघडलेला आहे. ‘मौलिक’ हा शब्द पहिला देण्यामागे ‘मौलिक मार्गदर्शन’, ‘मौलिक सूचना’ असे आपल्याकडे रूढ झालेले प्रयोग असावेत. पण ‘मौलिक’ म्हणजे मुळाशी असलेले, स्वतःचे, दुसऱ्यावर न बेतलेले. ‘मौलिक संशोधन’ म्हणताना आपण त्याचा हाच अर्थ घेतो. ‘मूल्य’ हा शब्दही ‘मूल’ या शब्दापासूनच झाला आहे, त्यामुळे दोघांचे कूळ एक आहे आणि गोंधळ समजण्याजोगा आहे. तरीही चोरीला गेलेल्या अंगठीला ‘मौलिक अंगठी’ म्हणणारा मराठी माणूस मला भेटलेला नाही. मराठीत हा पर्याय पुढे येणाऱ्या नामावर ठरतो: सल्ला मोलाचा असतो, मदत बहुमोल असते, चित्र मौल्यवान असते, घड्याळ किमती असते. एका इंग्रजी विशेषणासाठी आपल्याजवळ चार-पाच शब्द आहेत आणि प्रत्येकाची बसण्याची जागा वेगळी आहे, एवढे सांगायला कोशाला दोन ओळी पुरल्या असत्या.

इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या ‘वलेरे’ या क्रियापदात आहे आणि त्याचा अर्थ समर्थ असणे, धडधाकट असणे, योग्यतेचे असणे असा होता. ‘व्हॅलिड’, ‘इक्विव्हॅलंट’, ‘प्रिव्हेल’ आणि आजारातून उठून हळूहळू ताकद येण्यासाठीचा ‘कॉन्व्हलेसन्स’ हे शब्द याच घराण्यातले आहेत. ‘व्हॅल्युएबल’ हे विशेषण इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागले, आणि ‘व्हॅल्युएबल्स’ हे अनेकवचनी नाम मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांनी. फोनमधल्या कोशाने व्युत्पत्ती द्यावीच असा माझा आग्रह नाही. पण हे नाम विशेषणापासून वेगळे होऊन स्वतंत्रपणे रुळले आहे हे ज्या कोशकाराला ठाऊक असते, तो त्याची नोंद विशेषणात बुडवून टाकत नाही.

व्याकरणाबाबत ॲप पूर्ण मौन पाळते. ‘व्हॅल्युएबल्स’ हे नाम जवळजवळ नेहमी अनेकवचनातच वापरले जाते. एका अंगठीविषयी बोलताना ‘अ व्हॅल्युएबल’ असे म्हणण्याची रीत नाही, तेथे ‘अ व्हॅल्युएबल आयटम’ असे म्हणावे लागते, आणि मोजायचे झाल्यास तीन ‘व्हॅल्युएबल्स’ असेही सहसा म्हणत नाहीत. ‘बिलॉंगिंग्ज’ आणि ‘गुड्स’ हे याच रीतीचे शब्द आहेत. शिवाय ‘एबल’ या प्रत्ययाच्या विशेषणाला बहुवचनाचा ‘स’ लावून वस्तूंचा समूह सांगण्याची इंग्रजीत एक लकबच आहे: ‘ईटेबल्स’, ‘पेरिशेबल्स’, ‘कन्झ्युमेबल्स’. मराठीत विशेषणाचे नाम करताना आपण ते माणसांच्या बाबतीत सहज करतो, ‘गरिबांना’, ‘थोरांनी’, ‘आजाऱ्यांसाठी’. निर्जीवांच्या बाबतीत मात्र बहुधा आधाराला नाम जोडावे लागते, म्हणून आपण ‘नाशवंत माल’ म्हणतो, ‘खाद्यपदार्थ’ म्हणतो आणि ‘मौल्यवान वस्तू’ म्हणतो. हा भेद कोशात असता तर मराठी विद्यार्थ्याला एका शब्दाबरोबर सगळी रांग समजली असती. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी व्याकरणासह कोश करण्याची परंपरा काही नवी नाही, ए. एस. हॉर्नबी यांचा या प्रकारचा कोश प्रथम 1942 मध्ये जपानमध्ये निघाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने तो प्रसिद्ध केला, तर 1987 च्या कोबिल्ड कोशाने शब्दाचा अर्थ पूर्ण वाक्यातून सांगण्याची पद्धत रुजवली, जेणेकरून अर्थ वाचतानाच शब्द वाक्यात कसा बसतो हे दिसावे. इतक्या वर्षांनी बनलेल्या आणि जागेची कोणतीही अडचण नसलेल्या ॲपने यातले काहीच घेऊ नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते या शब्दाच्या वावराच्या जागांविषयी. ‘व्हॅल्युएबल्स’ हा शब्द गप्पांपेक्षा पाट्यांवर, अटींच्या कागदांवर आणि करारांत अधिक भेटतो. निवासाची खोली, पोहण्याच्या तलावाजवळची कपाटे, विमानाचे तिकीट, विम्याचा कागद आणि रुग्णालयाचे सूचनापत्रक ही त्याची खरी घरे आहेत. या सगळ्या ठिकाणी वस्तूचे वर्णन करणे हे त्याचे दुय्यम काम असते; हरवल्यास जबाबदारी कोणाची हे ठरवणे हे मुख्य काम असते. निवासगृहाच्या चालकावर पाहुण्याच्या सामानाची जबाबदारी टाकणारा इंग्रजी कायदा जुना आहे, आणि त्याला मर्यादा घालणाऱ्या ब्रिटनच्या 1956 च्या कायद्यानुसार आवश्यक ती सूचना लावलेली असेल तर चालकाची जबाबदारी एका वस्तूमागे 50 पौंड आणि एका पाहुण्यामागे एकूण 100 पौंड इतकीच राहते. मात्र वस्तू सुरक्षित ठेवण्यासाठी चालकाकडे सोपवली असेल तर ही मर्यादा लागू होत नाही. किमती वस्तू कार्यालयात जमा कराव्यात अशी पाटी वाचणाऱ्याला हा व्यवहार ठाऊक नसला तर त्याला ती पाटी केवळ काळजीपोटी लावलेली वाटते.

विमानप्रवासात हेच अधिक स्पष्ट दिसते. 1999 च्या माँट्रियल करारानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान हरवल्यास कंपनीची जबाबदारी एका प्रवाशामागे ठरावीक रकमेपुरती असते, आणि ही मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून 1,519 स्पेशल ड्रॉइंग राइट्स (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) इतकी आहे. सामानाची किंमत त्याहून अधिक असेल तर प्रवाशाने ते सोपवताना तसे खास घोषित करावे आणि लागल्यास जादा शुल्क भरावे अशी तरतूद त्यात आहे. त्याच करारात कंपनीकडे सोपवलेले सामान आणि प्रवाशाने जवळ ठेवलेले सामान यांत फरक केलेला आहे, कारण जवळ ठेवलेल्या सामानाची जबाबदारी कंपनीवर येते ती तिची चूक असेल तरच. त्यामुळे ‘व्हॅल्युएबल्स’ स्वतःजवळ ठेवा हे कंपन्यांच्या अटींमधले वाक्य सल्ला तर आहेच, पण त्याने जबाबदारीची बाजूही बदलते. विम्याच्या कागदात तर या शब्दाची व्याख्या बहुधा स्वतंत्र कलमात दिलेली असते आणि त्यात कोणत्या वस्तू येतात हे नावानिशी लिहिलेले असते. तेथे कोशातला अर्थ चालत नाही, कागदातला अर्थ चालतो. कोशाने वापरणाऱ्याला एवढी जाणीव करून दिली असती की करारात हा शब्द दिसला तर आधी व्याख्येचे कलम पाहावे, तर त्याचा व्यवहारात फार मोठा उपयोग झाला असता. परिचारिकेच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच होते: पत्रक लिहिणाऱ्यांना विचारून वस्तूंची नावे लिहून टाकायची. आम्ही शेवटी तसेच केले, आणि चष्मा, कवळी व कानाचे यंत्र नाव लिहिलेल्या डबीत ठेवावे असे वेगळे वाक्य घातले.

अर्थशास्त्रातही या शब्दाला एक ठरलेला अर्थ मिळाला आहे, आणि तो बहुतेक कोशांतून निसटतो. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने ठरलेल्या राष्ट्रीय लेख्यांच्या, म्हणजे देशाच्या अर्थव्यवस्थेचा हिशेब मांडण्याच्या, पद्धतीत 1993 च्या आवृत्तीपासून ‘व्हॅल्युएबल्स’ हा मालमत्तेचा स्वतंत्र प्रकार आहे: ज्या वस्तू उत्पादनासाठी किंवा उपभोगासाठी मुख्यतः वापरल्या जात नाहीत आणि काळाच्या ओघात किंमत टिकून राहील या अपेक्षेने बाळगल्या जातात, जसे की मौल्यवान धातू, रत्ने, पुराणवस्तू आणि कलाकृती. येथे शब्दाचे केंद्र उचलून नेण्याजोग्या आकारावरून हटून साठवलेल्या किमतीवर येते. मध्यवर्ती बँकेने राखीव निधी म्हणून ठेवलेले सोने मात्र या प्रकारात येत नाही, त्याची गणना वित्तीय मालमत्तेत होते. एकच धातू, पण कोणाजवळ आणि कशासाठी आहे यावरून त्याचे नाव बदलते. शब्दाच्या अर्थाचे याहून नेमके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

या नोंदीवर माझी सर्वांत मोठी तक्रार मराठीच्या बाजूने आहे. ॲपने दिलेल्या चार पर्यायांत मराठीचा स्वतःचा एकही नामशब्द नाही. चोरीच्या बातमीत ‘व्हॅल्युएबल्स’ आले तर त्याला मराठीत ‘ऐवज’ म्हणतात, आणि वर्तमानपत्र वाचणारा कोणीही माणूस ‘ऐवज लंपास’ हे शब्द ओळखतो. हा शब्द अरबी-फारसीतून आला, तेथे त्याचा अर्थ बदला, मोबदला असा आहे, आणि आपण ‘याच्याऐवजी ते’ म्हणतो तो ‘ऐवजी’ त्याचाच भाऊ आहे. ज्याच्या बदल्यात पैसा उभा राहू शकतो तो ऐवज, इतका हा शब्द नेमका आहे. तोच माल पोलिसांनी हस्तगत केला की त्याचा ‘मुद्देमाल’ होतो. घरातल्या भांड्यांपासून दागिन्यांपर्यंत सगळे कवेत घेणारा ‘चीजवस्त’ हा शब्द आपल्याजवळ आहे, सोन्याच्या एकेका नगाला ‘डाग’ म्हणण्याची पद्धत आहे, राजवैभवाच्या वर्णनात ‘जडजवाहीर’ आहे. आणि ‘किडूकमिडूक’ आहे, ज्यात वस्तूची किंमत थोडी असली तरी ती बाळगणाऱ्याचे सारे काही त्यात असते. नाइलाजाने आपले असलेनसले दागिने विकून मुलांचे शिक्षण करणाऱ्या बाईच्या गोष्टीत मूळ इंग्रजीत ‘व्हॅल्युएबल्स’ असेल, तर मी तेथे ‘मौल्यवान वस्तू’ लिहिणार नाही, ‘किडूकमिडूक’ लिहीन, कारण लेखिकेला सांगायचे आहे ते त्याच शब्दात पोचते. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती 1831 मध्ये निघाली, तेव्हापासून मराठीचे शब्द गोळा करण्याचे एवढे काम झालेले असताना आजच्या ॲपच्या नोंदीत यातला एकही शब्द नसावा ही साधी चूक नाही, ही अनास्था आहे.

जवळच्या शब्दांची जोडणीही सदोष आहे. ‘व्हॅल्युएबल’च्या विरुद्धार्थी शब्दांत ॲपने ‘इनव्हॅल्युएबल’ दिला आहे, आणि ही चूक शिकणाऱ्याला सर्वांत महागात पडणारी आहे, कारण त्या शब्दाचा अर्थ किंमतच करता येणार नाही इतके मोलाचे असा आहे. विरुद्धार्थ हवा असेल तर ‘व्हॅल्युलेस’ किंवा ‘वर्थलेस’ आहेत. गंमत अशी की मराठी माणसाला ही अडचण यायलाच नको, कारण आपला ‘अमूल्य’ अगदी याच घडणीचा आहे: पुढे ‘अ’ असूनही त्याचा अर्थ मूल्य नसलेले असा होत नाही, मूल्य करता न येणारे असा होतो. ‘अनमोल’चेही तेच. ‘इनव्हॅल्युएबल’च्या स्वतंत्र नोंदीत ॲपने ‘अमूल्य’ हा शब्द बरोबर दिला आहे, म्हणजे एकाच कोशाच्या दोन नोंदी परस्परांविरुद्ध साक्ष देतात. वापरातला भेदही सांगायला हवा होता: मदत, अनुभव, माहिती यांना ‘इनव्हॅल्युएबल’ शोभतो, तर चित्र किंवा पुरातन मूर्ती यांना ‘प्राइसलेस’. ‘व्हॅल्यूड’ हा आणखी वेगळा, त्यात वस्तूच्या किमतीपेक्षा ती कोणाला किती प्रिय आहे हे येते.

इतके दोष दाखवल्यावरही हे ॲप मी फोनमधून काढलेले नाही. इंग्रजी मजकूर वाचताना एखाद्या अपरिचित शब्दाचा अंदाज घ्यायला ते पुरते, झटपट उत्तर देते आणि उच्चार चांगला ऐकवते. त्या कामासाठी मी ते इतरांनाही सुचवतो. लिहिण्यासाठी किंवा अनुवादासाठी मात्र त्याच्यावर विसंबू नये. पाचपैकी मी त्याला अडीच तारे देतो, आणि त्यातले दोन वाचकाच्या सोयींसाठी आहेत.

ॲपमध्ये दुरुस्ती सुचवण्याची सोय आहे. तिचा उपयोग करून मी पुढील नोंद पाठवली आहे: ‘व्हॅल्युएबल्स, नाम, नेहमी अनेकवचनी. दागिने, रोकड, घड्याळ यांसारख्या सहज उचलून नेता येणाऱ्या किमती वस्तू. सूचनेत: मौल्यवान वस्तू, शक्य तर नावे देऊन. चोरीच्या बातमीत: ऐवज. घरगुती संदर्भात: चीजवस्त, किडूकमिडूक. सल्ला, वेळ, मैत्री यांसाठी वापरत नाहीत. करारात किंवा विम्यात आल्यास तेथील व्याख्या पाहावी.’ पाठवून दोन महिने झाले. हा मजकूर लिहीपर्यंत नोंदीत पहिला पर्याय अजून ‘मौलिक’ हाच आहे.